कॅनन १०×४२ एल आयएस: थरथर थांबवणारी दुर्बीण पक्षीनिरीक्षणात कुठे कामाची, कुठे नाही

दुर्बीण दहापट असली की पक्षी दहापट जवळ येतो आणि हाताची थरथरही दहापट वाढते. ठणठणीत माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो. एरवी ते कळत नाही, दुर्बीण डोळ्याला लावली की कळतं. हिशोब करून पाहा. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्याच नजरेला दहापट दुर्बिणीतून १०० मीटरवरचा सुमारे ३ मिलिमीटरचा तपशील दिसायला हवा. भिगवणला पाण्याकाठी उभं राहून, हातात धरलेल्या दुर्बिणीतून तो दिसत नाही. तीच दुर्बीण गाडीच्या टपावर टेकवली की दिसतो. म्हणजे काचेत काही कमी नव्हतं, टेकू कमी होता.

इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे बोलताना सगळे ज्याला नुसतं 'आयएस' म्हणतात ते, हा टेकू दुर्बिणीच्या आत बसवतं. कॅननने अशी आपली पहिली दुर्बीण, १२×३६ (म्हणजे बारापट वर्धन, समोरचं भिंग ३६ मिलिमीटरचं), १९९५ मध्ये आणली. त्याआधी १९९० मध्ये झाईसची २०×६० एस आली होती. ती पूर्ण यांत्रिक, एकही सेल न लागणारी, पण पावणेदोन किलोच्या घरातली. ती गळ्यात अडकवून माळरान तुडवायचं कुणाच्या मनात येणार नाही. इथे पारखायला घेतली आहे ती २००५ मध्ये आलेली कॅनन १०×४२ एल आयएस डब्ल्यूपी (डब्ल्यूपी म्हणजे वॉटरप्रूफ). साल पाहून नाक मुरडू नका. आयएस असलेल्या बहुतेक दुर्बिणींमध्ये वजन किंवा किंमत खाली आणण्यासाठी काच लहान केलेली असते. हिच्यात ती केलेली नाही, म्हणून पक्ष्यांसाठी आजही नवी आयएस दुर्बीण हिच्याशीच ताडून पाहिली जाते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: पाणथळ, समुद्रकिनारा, माळरान आणि होडी यांसाठी ही दुर्बीण घ्यावी. दाट जंगलासाठी एकुलती एक दुर्बीण म्हणून घेऊ नये. का, ते पुढे.

आत काय हलतं

दोन्ही नळ्यांमध्ये एकेक 'व्हेरी-अँगल प्रिझम' आहे. दोन सपाट काचा, त्यांच्यामध्ये लवचीक भाता आणि त्यात भरलेलं जास्त अपवर्तनांकाचं पारदर्शक द्रव, अशी त्याची रचना. जायरो सेन्सर दुर्बिणीचं वर-खाली आणि डावं-उजवं डुलणं मोजतात, प्रोसेसर तेवढ्याच मापाने काचा तिरप्या करतो, द्रवाची पाचर तयार होते आणि प्रकाश उलट दिशेला वळतो. चित्र जागच्या जागी राहतं.

या रचनेच्या मर्यादाही रचनेतूनच येतात. काच झुकून झुकून किती झुकणार? कॅननच्या या पद्धतीत दुरुस्तीची मर्यादा एका अंशाच्याही आत आहे. हाताची थरथर, दम लागल्यावर छातीचं हलणं, सिंहगडाच्या कड्यावरचा वारा यांना ती पुरते. होडी लाटेवर आपटली तर पुरत नाही. शिवाय दुर्बीण गोल फिरल्यासारखी कलली तर ते कलणं दुरुस्त होत नाही, क्षितिज तिरकंच दिसतं. आणि पाचर म्हणजे शेवटी प्रिझम, तिच्यातून प्रकाशाचे रंग फुटतात. त्यामुळे काच मर्यादेच्या टोकाला गेली की पांढऱ्या बगळ्याच्या कडेला क्षणभर जांभळी-हिरवी रेघ उमटून जाते. हा दोष कायमचा नसतो, हात थोडा सावरला की जातो.

काच

आयएस बंद ठेवूनही ही दुर्बीण चांगल्या प्रतीची आहे, आणि आयएस दुर्बीण घेताना पहिली परीक्षा हीच घ्यावी. प्रत्येक बाजूला दोन यूडी भिंगं (रंग कमी फोडणारी) आहेत, शिवाय दृश्य सपाट करणारी भिंगं. परिणाम असा की चित्र मधोमध जितकं रेखीव तितकंच जवळजवळ कडेपर्यंत राहतं. चिखलात पसरलेला थवा मोजताना याची खरी किंमत कळते. कडेचे पक्षी मऊ पडत नाहीत, त्यामुळे एकाच दृश्यात अर्धा थवा मोजून पुढे सरकता येतं.

दृश्याची रुंदी ६.५ अंश, म्हणजे १००० मीटरवर ११४ मीटर. दहापट दुर्बिणीसाठी हे चांगलं आहे, पण सवयीच्या ८×४२ मधून पाहणाऱ्याला सुरुवातीला खिडकी लहान वाटेल. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास ४२ भागिले १०, म्हणजे ४.२ मिलिमीटर. पहाटेच्या अंधूक उजेडात आणि संध्याकाळी भोवत्ये (हॅरियर) मुक्कामाला उतरतात त्या वेळी हा व्यास उपयोगी पडतो. ३० मिलिमीटरच्या आयएस दुर्बिणीत तो ३ वर येतो आणि फरक उघड दिसतो. जवळात जवळ २.५ मीटरवर फोकस होतो. पक्ष्यांसाठी हे भरपूर झालं, फुलपाखरं पाहणाऱ्यांचंही निभेल.

चष्मा असणाऱ्यांसाठी डोळा आणि काच यांच्यातलं अंतर १६ मिलिमीटर आहे. पातळ चष्म्यातून पूर्ण दृश्य दिसतं, जाड फ्रेम किंवा डोळ्यापासून लांब बसणारा चष्मा असेल तर कडा कापली जाऊ शकते. चष्मा न लावणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणारी कडी, फिरवून वर येतात, पण ते फार रुंद आहेत. नाकाचा बांधा मोठा किंवा डोळे खोल असले तर ते भुवईला आणि नाकाला एकाच वेळी टेकतात, डोळा मधोमध बसत नाही आणि चित्रात काळे डाग येतात-जातात. यावर रबराचे दुसरे आयकप बसवणारे लोक आहेत. मागवून घ्यायचा विचार असेल तर आधी कुणाची तरी दोन मिनिटं डोळ्याला लावून पाहाच. ही दुर्बीण न आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण वजन नसून हे आयकप असतात.

वजनही मात्र आहेच. सेलसह साधारण १.१ किलो. चांगली ८×४२ साडेसहाशे ते आठशे ग्रॅममध्ये मिळते. सोबतचा पट्टा मानेवर घालून चार तास चाललात तर दुसऱ्या दिवशी मान बोलेल. खांद्यांवरून पाठीवर जाणारा हार्नेस पहिल्याच दिवशी घ्यावा, तो या खरेदीचाच भाग समजा. मध्ये बिजागरी नाही. समोरच्या नळ्या जागच्या जागी असतात आणि डोळ्यांकडचे भाग फिरवून दोन डोळ्यांतलं अंतर जुळवायचं. त्यामुळे ही दुर्बीण घडी होत नाही आणि सॅकमध्ये कॅमेऱ्याच्या बॉडीएवढी जागा घेते.

वापरायची रीत

नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली: दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधीच बटण दाबायचं, मग पक्षी शोधत फिरवायची. फिरवताना यंत्रणा ते फिरणं रोखू पाहते, मर्यादा संपली की चित्र उडी मारतं, पुन्हा रोखू पाहते. डोळे गरगरतात आणि 'आयएसने डोकं दुखतं' अशी तक्रार सुरू होते.

रीत उलटी आहे. बटण न दाबता पक्षी शोधा. फोकस करा. कोपर बरगड्यांना टेकवा. आयएस आहे म्हणून हात मोकळे सोडू नका. हात जितका स्थिर, तितकी आतली काच मधल्या जागेजवळ राहते आणि चित्र तितकं स्वच्छ. मग बटण. ते वर उजव्या हाताच्या बोटाखाली येतं, चालू असल्याचा हिरवा दिवा लागतो. चित्र बसायला साधारण सेकंदभर लागतो, त्या सेकंदात निकाल देऊ नका. चित्र बसलं की फोकसचं चाक पुन्हा किंचित मागेपुढे करा. थरथरत्या चित्रावर केलेला फोकस बहुतेक वेळा थोडासा चुकलेला असतो आणि चित्र थांबल्यावरच ते दिसतं. 'आयएस लावलं की चित्र मऊ पडतं' या तक्रारीमागे अर्ध्या वेळा हेच कारण सापडतं.

बटण दाबून सोडलं तर आयएस पाच मिनिटं चालू राहतं, पुन्हा दाबलं की बंद. दाबून धरलं तर धरून ठेवाल तेवढाच वेळ. चिखलातला थवा मोजायचा असेल तर पहिली पद्धत वापरावी, झाडीत दुसरी.

डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवण्याची सोय, हीही आयएस चालू ठेवूनच लावा. ५० ते ६० मीटरवरची पाटी घ्या. आधी उजव्या भिंगावर झाकण ठेवून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने फोकस करा, मग झाकण बदलून उजवीकडचं कडं फिरवा. थरथरत्या चित्रावर हे काम कधीच नेमकं होत नाही. कित्येकांची जुनी दुर्बीण वर्षानुवर्षं थोडी चुकीची लावलेली असते ती यामुळेच.

उडत्या पक्ष्यांचं काय? माळरानावर जमिनीलगत सावकाश फेऱ्या मारणाऱ्या भोवत्याच्या मागे आयएस चालू ठेवून जाता येतं. फिरवणं संथ आणि एकसारखं हवं, झटका नको. घिरट्या घालणारा गरुडही चालतो. पाकोळ्या, उडती टिटवी, झाडावरून झाडावर जाणारा पोपटांचा थवा यांच्या मागे जाताना बटण सोडा, साध्या दुर्बिणीसारखी वापरा.

पाणथळीवर

इथे ही दुर्बीण पैसे वसूल करते. टिलव्यांचंच घ्या. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर. साध्या दहापट दुर्बिणीतून ६०-७० मीटरवर पाय आहेत एवढंच कळतं. आयएस लावलं की रंग कळतो. अर्थात चिखल लागला की टेमिंकचे पायही काळेच दिसतात, तेव्हा पाठीचा एकसुरी करडा रंग आणि उडताना शेपटीच्या कडेचा पांढरा भाग पाहावा लागतो. तसंच सँड प्लव्हर चिखल्यांचं. आता तिबेटन म्हणून वेगळा धरला जाणारा लहान आणि ग्रेटर हे दोघं आक्षीच्या किनाऱ्यावर एकाच थव्यात उभे असतील तर चोचीची लांबी डोक्याच्या मापाशी ताडून पाहायची असते. थरथरत्या चित्रात दोन मापं एकमेकांशी ताडता येत नाहीत. स्थिर चित्रात येतात.

पायातल्या रंगीत फ्लॅगचा, म्हणजे अक्षर-आकडा लिहिलेल्या पट्टीचा, फायदा याहून मोठा. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) पायात फ्लॅग घातलेले किनारपक्षी आपल्याकडे दिसतात, मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकादंब भारतात आढळले आहेत. फ्लॅग दिसणं आणि त्यावरचा अक्षर-आकडा वाचता येणं यांत मोठं अंतर असतं. पक्षी जवळ असेल आणि बाजूने उभा असेल तर १०×४२ आयएसमधून कोड वाचता येण्याची शक्यता बरीच वाढते. तरी २०० मीटरवरच्या कोडसाठी ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने पाहायची जास्त वर्धनाची दुर्बीण) लागतो. दहापट ते दहापटच, आयएसने वर्धन वाढत नाही.

होडीत मात्र स्कोप निरुपयोगी असतो आणि तिथे या दुर्बिणीला जोड नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात (घोषणा २०१५, रामसर दर्जा २०२२) ऐरोलीहून भरतीच्या वेळा पाहून बोटी सुटतात. इंजिन चालू असताना बोटीच्या बाकातून जी बारीक कंपनं येतात ती आयएस बरीचशी खातं. रोहितांच्या थव्यात लेसर (लहान) किती, ग्रेटर (मोठे) किती, हे चोचीच्या रंगावरून वेगळं मोजायचं काम बसल्या जागी होतं. भिगवणच्या मच्छीमारांच्या होड्यांतही तसंच. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात गेलात तर गोष्ट बदलते. तिथे होडी दोन-चार अंश सहज कलते आणि एका अंशाच्या आतली दुरुस्ती अपुरी पडते. गुडघे सैल ठेवून, कंबरेतून होडीचं डुलणं झेलून, उरलेलं आयएसवर सोडावं लागतं. कठड्याला कोपर टेकवू नका, इंजिनाचा सगळा थरकाप दुर्बिणीत येतो.

एका बाबतीत आयएस काहीच करू शकत नाही: उन्हाच्या झळा. हिवाळ्यातही सकाळचे नऊ-दहा वाजले की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा उकळू लागते. दूरचा पाणटिवळा लांबतो, आखडतो, तरंगतो. ही थरथर दुर्बिणीत नसून हवेत असते. ओळखायची खूण सोपी आहे. बटण दाबल्यावर चित्राची चौकट थांबते पण पक्ष्याच्या कडा लहरत राहतात. अशा वेळी सेल वाया घालवू नका. लवकर जा, किंवा भरती अशी निवडा की पाणी चढताना पक्षी काठाकडे ढकलले जातील. नांदूर मधमेश्वरसारख्या गोड्या पाण्याच्या ठिकाणी भरती नसते, तिथे सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडणं एवढंच हातात राहतं.

जंगलात

कर्नाळा, फणसाड, आंबोली अशा ठिकाणी पक्षी दोन सेकंद दिसतो आणि पानाआड जातो. त्या दोन सेकंदांतला एक चित्र बसण्यात गेला तर उरलं काय? शिवाय दहापट असल्यामुळे खिडकी लहान, फोकसची खोली कमी, वजन जास्त. झुडपातल्या वटवट्यांच्या मागे लागायचं असेल तर साधी ८×४२ किंवा ८×३२ पुष्कळ बरी. अपवाद एक: उंच झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी. मान मागे टाकून हात वर धरले की अर्ध्या मिनिटात दंड थरथरू लागतात, तेव्हा आयएसचा उपयोग होतो. शांत बसलेलं घुबड, धनेशाची ढोली यांनाही तेच लागू.

पावसाचं मात्र या दुर्बिणीला भय नाही. ती जलरोधक आहे. कॅननच्या ३० आणि ३२ मिलिमीटरच्या आयएस दुर्बिणी तशा नाहीत. आंबोलीत जून ते सप्टेंबर जायचं असेल तर ही एकच ओळ निर्णय करायला पुरेशी आहे.

वयस्कर निरीक्षकांचा विचार वेगळा करायला हवा. खांदा आखडलेला, हाताला जास्त कंप असलेला, किंवा चढ चढून आल्यावर बराच वेळ धाप न जाणारा माणूस साध्या दहापट दुर्बिणीतून जवळजवळ काहीच पाहू शकत नाही. अशांना आयएसमुळे छंद पुन्हा हाती लागतो. कंप फार मोठा असेल तर ही पद्धत कमी पडते, पुढे सांगितलेली जास्त अंशांची पद्धत पाहावी. आणि १.१ किलो धरवत नसेल तर हलकीच घ्यावी, काच थोडी कमी असली तरी.

सेल

दोन पेन्सिल सेल. ही या दुर्बिणीची न गाजलेली मोठी सोय आहे, कारण पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. सीआर१२३ए किंवा सीआर२ जातीचे सेल लागणाऱ्या दुर्बिणी घेतल्यात तर जोडीला जास्तीचा सेल शहरातूनच न्यावा लागतो. पण हिची भूकही मोठी आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार अल्कलाइन सेलवर आयएस सलग सुमारे अडीच तास चालतं, लिथियमवर त्याच्या तिपटीपर्यंत. गरज असेल तेव्हाच दाबायची सवय असेल तर अडीच तास दोन-तीन सकाळी पुरतात. पाच मिनिटांच्या पद्धतीने सारखं चालू ठेवलं तर एकाच सकाळी संपतात. रोज वापरणाऱ्याने चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत, दोन जोड्या, एक खिशात. लडाखला किंवा स्पितीला जाणार असाल तर लिथियमच न्या. अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. घड्याळात घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल यात घालूच नका.

सेल मेले तरी दुर्बीण मरत नाही, साधी १०×४२ म्हणून चालू राहते. पावसाळ्यात ती कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की पत्र्यावर पांढरा-हिरवा थर चढतो आणि दुरुस्ती महाग पडते.

बाकीच्या आयएस दुर्बिणी, थोडक्यात

कॅननचीच १०×३० आयएस २ ही ६०० ग्रॅमची, पेन्सिल सेलवर चालणारी, किमतीने बरीच खाली. माळरानावर भर उजेडात उत्तम. पण जवळचा फोकस ४.२ मीटर आणि पाण्यापासून जपावं लागतं. १२×३६ आयएस ३ मध्ये जवळचा फोकस ६ मीटरवर जातो, म्हणजे काठाशी बसलेला खंड्या दिसेल पण धूसर. १०×३२, १२×३२, १४×३२ या तिघींचा जवळचा फोकस २ मीटर आणि आयएसची दोन बटणं. त्यांचं वजन पाऊण किलोच्या आसपास, सेल सीआर१२३ए. समुद्रावरच्या कुरव आणि सुरय पक्ष्यांसाठी त्यातली १४×३२ मोहात पाडते, पण प्रकाशझोत जेमतेम २.३ मिलिमीटरचा, ढगाळ सकाळी ती लगेच अंधारते. ८×२० ही सव्वाचारशे ग्रॅमच्या आत बसणारी, प्रवासाची.

फुजिनॉन वेगळ्या वाटेने जाते. तिच्या टेक्नो-स्टॅबी दुर्बिणींत प्रिझमच गिंबलवर, म्हणजे मोकळं झुलू देणाऱ्या चौकटीत, टांगलेलं असतं. १४×४० मध्ये दुरुस्ती ५ अंशांपर्यंत, हलक्या १२×२८ आणि १६×२८ मध्ये ३ अंशांपर्यंत. खोल समुद्रात, जीपमध्ये, किंवा हाताला मोठा कंप असेल तर हीच पद्धत हवी. मोबदला असा की दुर्बीण फिरवली की चित्र मागे रेंगाळतं आणि मग धावत येतं, उडत्या पक्ष्यांसाठी त्रासदायक. बेल्जियमच्या काइटची एपीसी ४२ मालिका जलरोधक आहे आणि दुर्बीण खाली सोडली की आयएस आपोआप झोपतं, उचलली की जागं होतं. सेल वाचवण्याची ही कल्पना कॅननने उचलायला हवी होती.

घेताना

भारतात १०×४२ एलची किंमत लाखाच्या वर जाते आणि बहुतेक दुकानांत ती समोर ठेवलेली नसते, मागवावी लागते. परदेशातून कुणी आणत असेल तर वॉरंटी इथे चालेल का, हे लेखी विचारा. नामांकित साध्या दुर्बिणींवर दहा वर्षांची किंवा त्याहून लांब हमी असते. आयएसमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असल्याने मुदत कमी असते, आणि सर्किट गेलं तर कोपऱ्यावरचा कॅमेरा दुरुस्त करणारा ती उघडू शकत नाही.

जुनी घेत असाल तर एवढं तपासा. समोरच्या भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारून डोळ्याकडच्या बाजूने, तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. कोकणात आणि मुंबईत वापरलेल्या दुर्बिणींत ती हमखास आढळते. सेलचा कप्पा उघडून पत्रे पाहा. आयएस चालू करून दूरची उभी रेघ, विजेचा खांब किंवा इमारतीची कड, एकेक डोळा मिटून पाहा. दोन्ही बाजूंना ती सारखीच थांबली पाहिजे. एका बाजूला थांबते आणि दुसरीकडे वाहते, असं असेल तर यंत्रणा बिघडली आहे. दहा मिनिटं सतत पाहून डोळे ताणल्यासारखे वाटले तर दोन नळ्या एकमेकांशी जुळलेल्या नाहीत. अंगावरचं रबर चोळून पाहा. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या काही जुन्या आयएस मॉडेलांचं रबर चिकट होतं, आणि स्पिरिटने पुसलं तरी थोड्या दिवसांनी पुन्हा चिकटतं.

घरी आणल्यावर ती डब्यात बंद करून सिलिका जेलसह ठेवा किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर. कापडी किंवा चामडी पिशवीत नको, पिशवी ओल धरते. समोर कॅमेऱ्याचा फिल्टर बसवण्यासाठी आटे आहेत, खाऱ्या वाऱ्यात जाणार असाल तर साधा संरक्षक फिल्टर लावून घ्या. समुद्रावरून आल्यावर आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने अंग पुसा, मग भिंगं. मीठ सुकलेल्या भिंगावर कोरडं फडकं फिरवलं की कोटिंग ओरखडतं.